‘निष्क्रिय’ कोणाला म्हणावं? : आयनीभवन ऊर्जेचे आकडे काय सांगतात

मागच्या व्याख्यानात आपण अणूची रचना पाहिली. मध्ये केंद्रक, भोवती कवचांमध्ये इलेक्ट्रॉन. आज प्रश्न असा, की यातला सर्वांत सैल इलेक्ट्रॉन काढून घ्यायला किती ऊर्जा लागते? वायुरूप अणूतून एक इलेक्ट्रॉन सुटा करायला लागणाऱ्या किमान ऊर्जेला आपण पहिली आयनीभवन ऊर्जा म्हणतो.

आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे गेलो की ही ऊर्जा साधारणपणे वाढते. सोडियमला ५.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. त्याच ओळीच्या शेवटी असलेल्या आरगॉनला १५.८ लागतात. केंद्रकात एकेक प्रोटॉन वाढतो, पण नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात बसतो. शेजाऱ्यांचा आडोसा अपुरा पडतो आणि केंद्रकाची ओढ वाढते. वरून खाली आलो की उलट. बाहेरचं कवच दूर जातं, आतल्या कवचांचा आडोसा वाढतो, ओढ सैल होते.

आता शेवटचा स्तंभ पाहू. हेलियम २४.६, निऑन २१.६, आरगॉन १५.८, क्रिप्टॉन १४.०, झेनॉन १२.१. या सगळ्यांना आपण शाळेत एकच नाव शिकलो : निष्क्रिय वायू. पण झेनॉनचा आकडा हेलियमच्या निम्मा आहे. हायड्रोजनला १३.६ लागतात, म्हणजे झेनॉनपेक्षा जास्त. आणि हायड्रोजनला तर कोणी निष्क्रिय म्हणत नाही! अर्थात या एकाच आकड्यावरून संयोग होईल की नाही हे ठरत नाही. पण ‘होणारच नाही’ असं म्हणायलाही तो आधार देत नाही.

हे नील बार्टलेट यांनी ओळखलं. व्हँकुव्हरला काम करताना त्यांना आढळलं होतं, की प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड हा पदार्थ ऑक्सिजनच्या रेणूतूनसुद्धा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. त्या रेणूची आयनीभवन ऊर्जा किती? तीही सुमारे १२.१. मग झेनॉन का नाही? १९६२ साली त्यांनी दोन्ही एकत्र केले आणि नेहमीच्या तापमानालाच नारिंगी-पिवळा घन पदार्थ तयार झाला. त्याची रचना वाटली त्यापेक्षा गुंतागुंतीची निघाली, पण ‘निष्क्रिय’ हे नाव मोडलं ते मोडलंच.

न्यायशास्त्रातलं उदाहरण इथे उपयोगी पडेल. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ असं आपण म्हणतो. पण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या इंधनामुळे. ही न दिसणारी अट म्हणजे उपाधी. ‘हे वायू संयोग पावत नाहीत’ या विधानातही अशीच अट दडलेली होती : इलेक्ट्रॉन ओढणारा पुरेसा जबरदस्त भेटत नाही तोवर. ‘आजवर दिसलं नाही’ आणि ‘होऊच शकत नाही’ यांत अंतर आहे. नाव एकदा पडलं की ते अंतर आपण विसरतो.

पुढच्या वेळेसाठी एक प्रश्न. नायट्रोजनच्या अणूला १४.५ लागतात आणि त्याच्या उजवीकडच्या ऑक्सिजनच्या अणूला १३.६. आपला नियम इथे उलटा का झाला? यात कोणती अट दडली आहे, ते शोधून या.