सावकाश बोलणाऱ्यांचा कट्टा

साध्या गप्पांत माणूस मिनिटाला सव्वाशे ते दीडशे शब्द सहज बोलतो. संवाद-यंत्राच्या मदतीने बोलणाऱ्या अनेकांचा वेग मात्र दोन ते पंधरा शब्दांच्या घरात राहतो. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा वेग अखेरच्या वर्षांत मिनिटाला एक-दोन शब्दांवर आला होता. चष्म्याला लावलेला संवेदक त्यांच्या गालाची हालचाल टिपायचा आणि त्यावरून पडद्यावरची अक्षरे निवडली जायची.

या दोन वेगांमधल्या दरीत फार काही हरवते. सेरेब्रल पाल्सी, मोटर न्यूरॉनचा आजार, मेंदूची इजा किंवा घशाचा कर्करोग यांमुळे ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. पण त्यांचे वाक्य पुरे होईपर्यंत समोरचे लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. कुणी घाईने त्यांचे वाक्य स्वतःच पुरे करते, कुणी प्रश्न त्यांना न विचारता शेजारी उभ्या असलेल्या आईला विचारते. अशा माणसाचे मत हळूहळू कुणी विचारेनासे होते. हे नुकसान शरीराने केलेले नाही. ऐकणाऱ्यांच्या घाईने केलेले आहे.

म्हणूनच समाजमाध्यमांकडे या माणसांच्या बाजूने पाहायला हवे. पोस्ट लिहायला दोन मिनिटे लागली की दोन तास, हे वाचणाऱ्याला दिसत नाही. मजकूर सगळ्यांचा सारखाच उमटतो.

आवाज गेला, लेखणी राहिली

अमेरिकेतले चित्रपट समीक्षक रॉजर एबर्ट यांचे उदाहरण इथे महत्त्वाचे आहे. कर्करोगाच्या शस्त्रक्रियांनंतर २००६ साली त्यांची वाचा कायमची गेली. पुढे ते संगणकावर टाइप करत आणि यंत्राचा आवाज ते वाचून दाखवी. एडिंबरा येथील एका कंपनीने त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून त्यांच्याच आवाजाशी जुळणारा कृत्रिम आवाजही घडवला. पण त्यांचा खरा संवाद फुलला तो इंटरनेटवर. २००९ पासून ते ट्विटरवर सिनेमा, राजकारण, आजारपण, स्वयंपाक अशा सगळ्यांवर लिहू लागले. २०१० मध्ये इंटरनेटवरच्या कामासाठी दिल्या जाणाऱ्या वेबी पुरस्कारांनी त्यांना वर्षातील व्यक्ती म्हणून गौरवले. एप्रिल २०१३ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचे अनुयायी लाखांच्या संख्येत होते.

पीट फ्रेट्स हा बॉस्टनजवळचा बेसबॉल खेळाडू. २०१२ साली त्याला एएलएस हा स्नायू निकामी करणारा आजार झाल्याचे निदान झाले. आजाराने बोलणे हिरावल्यावर तो नजरेच्या हालचालीने चालणाऱ्या संगणकावर लिहीत असे. २०१४ च्या उन्हाळ्यात बर्फाचे पाणी डोक्यावर ओतून घेण्याचे आव्हान जगभर पसरले, त्यात त्याचा मोठा वाटा होता. त्या मोहिमेतून अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला सुमारे साडेअकरा कोटी डॉलर मिळाले आणि त्यातला पैसा जनुकीय संशोधनापर्यंत पोचला.

संशोधन काय सांगते

एबर्ट आणि हॉकिंग प्रसिद्ध होते, त्यांना श्रोते आयते मिळाले. सामान्य माणसाचे काय? ऑस्ट्रेलियातल्या वाचा-उपचारतज्ज्ञ आणि संशोधक ब्रॉनविन हेम्स्ली यांनी हा प्रश्न हाती घेतला. संवाद-यंत्रे किंवा चित्रफलक वापरणारी प्रौढ माणसे ट्विटरवर काय करतात, याचा त्यांच्या गटाचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी या माणसांची ट्विट्स तपासली, त्यांच्याशी संवाद साधला.

त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली ही की लिहायला मिळणे पुरेसे नाही, वाचणारे हवेत. उत्तर देणारे कुणी नसेल तर पोस्ट म्हणजे रिकाम्या खोलीतले बोलणे ठरते. दुसरी ही की या माणसांना हे माध्यम रीतसर शिकवलेले नव्हते. बहुतेकांनी चुकतमाकत स्वतःच शिकून घेतले होते.

त्याच परंपरेत मेलिसा ब्रनर यांनी मेंदूला इजा झालेल्या लोकांच्या समाजमाध्यम वापराचा अभ्यास केला. अशा रुग्णांना फसवणुकीचा आणि नको ते लिहून बसण्याचा धोका असतो. त्यामुळे घरचे लोक अनेकदा त्यांचा फोनच काढून घेतात. ब्रनर यांच्या गटाने बंदीऐवजी शिकवण्याचा मार्ग धरला आणि त्यासाठी मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम तयार केला. रस्ता धोक्याचा आहे म्हणून आपण कुणाला घरात कोंडत नाही, रस्ता ओलांडायला शिकवतो. इथेही तेच करायला हवे.

खाते कुणाचे, शब्द कुणाचे

एक धोका मात्र घरातूनच येतो. पासवर्ड आईकडे, फोन भावाकडे आणि पोस्ट मुलाच्या नावाने, असे सहज घडते. हेतू मायेचा असतो, पण शब्द त्या मुलाचे राहत नाहीत. हा प्रश्न किती गंभीर आहे, हे १९९० च्या दशकात दिसले. ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ नावाच्या पद्धतीत सहायक त्या व्यक्तीचा हात धरून टाइप करवून घेत असे. चाचण्यांमध्ये दोघांना वेगवेगळी चित्रे दाखवली, तेव्हा टाइप झाले ते सहायकाने पाहिलेल्या चित्राचे नाव. अमेरिकेतल्या वाचा व श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये अशी स्पष्ट भूमिका घेतली. म्हणून मदत करावी ती साधन जोडण्याची, स्विच बसवण्याची, अक्षर मोठे करण्याची. शब्द निवडण्याचे काम त्या माणसाचेच.

एकाची सोय, दुसऱ्याची भिंत

सगळ्यांची गरज एकसारखी नसते. पक्षाघातानंतर वाचाघात, म्हणजे अफेजिया, झालेल्या माणसाचे शब्दच निसटतात. त्याला टाइप करणे बोलण्याइतकेच जड जाते. त्याला फोटो, इमोजी आणि छोटा व्हॉइस मेसेज जवळचा वाटतो. सांकेतिक भाषा वापरणाऱ्या कर्णबधिरांना व्हिडिओ कॉलने मोठा आधार दिला. पण तोच व्हिडिओ उपशीर्षकांविना आला, किंवा कुटुंबाच्या ग्रुपवर दिवसभर व्हॉइस मेसेजच पडत राहिले, तर कर्णबधिर माणूस बाहेर राहतो. जून २०२० मध्ये ट्विटरने आवाजी ट्विट्स आणली तेव्हा लिखित मजकुराची सोय नसल्याने अपंगांनी त्यावर जोरदार टीका केली होती. आज सगळी माध्यमे मजकुराकडून रील्सकडे आणि आवाजाकडे झुकत आहेत. सावकाश लिहिणाऱ्यांना मिळालेली जागा अशाने पुन्हा आक्रसू शकते.

मराठीत काय अडते

आपल्याकडची वाट नवी नाही. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी शाळा सुरू केली. त्यांची कन्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टाइप करून ‘वन लिटिल फिंगर’ हे आत्मकथन लिहिले, ते २०१० मध्ये आले. आयआयटी मुंबईतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात तयार झालेले ‘जेलो’ हे चित्रांवर बोट ठेवून बोलण्याचे मोफत अ‍ॅप मराठीतही वापरता येते.

पण चित्रांपासून स्वतंत्र लेखनापर्यंतचा टप्पा मराठीत अजून खडतर आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘स्वातंत्र्य’ या एका शब्दासाठी अकरा कळा लागतात. एकेक अक्षर नजरेने किंवा एकाच स्विचने निवडणाऱ्याला प्रत्येक कळ काही सेकंद खाते. दमून माणूस रोमन लिपीत मराठी लिहू लागतो, तर यंत्राचा आवाज ते इंग्रजी वळणाने वाचतो. शब्दांचा अचूक अंदाज बांधणारा मराठी कळफलक आणि बाई, पुरुष, लहान मूल यांना शोभतील असे वेगवेगळे मराठी आवाज ही या माणसांची निकडीची गरज आहे. आपल्या भाषा विभागांनी आणि तंत्रज्ञांनी ती आपले काम म्हणून उचलायला हवी.

कायदा या माणसांच्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या ‘संवाद’ या व्याख्येत पूरक व पर्यायी मार्ग आणि सुगम माहिती तंत्रज्ञान स्पष्ट नोंदलेले आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले.

उरते ते आपल्याकडचे काम. वाचा-उपचाराच्या उद्दिष्टांत ‘पाणी मागता येणे’ असते, तसेच ‘ग्रुपवर आपले मत लिहिता येणे’ही असावे. विशेष शाळांनी लेखन-वाचन आणि समाजमाध्यमांचा सुरक्षित वापर एकत्र शिकवावा. ग्रुप चालवणाऱ्यांनी व्हॉइस मेसेजसोबत दोन ओळी लिहाव्यात. आणि कालच्या विषयावर आज कुणाचे उत्तर आले, तर ‘तो विषय संपला’ म्हणून ते सोडून देऊ नये. वाचावे आणि उत्तर द्यावे. या माणसांना बोलते करण्याची साधने जगात तयार झाली आहेत, होतही राहतील. त्यांना श्रोते देण्याचे काम मात्र कोणतेही यंत्र करणार नाही. ते आपल्यालाच करायचे आहे.