एश्चेरिकिया कोलाय ओ१५७ : गुरांतील व मांसातील
गुरांच्या मोठ्या आतड्यात, विशेषतः गुदद्वारालगतच्या भागात, राहणारा व माणसाच्या अन्नात शिरल्यास घातक ठरणारा दंडाकार सूक्ष्मजंतू. थेओडोर एशेरिख यांनी १८८५ मध्ये वर्णिलेल्या या जंतूचे बहुसंख्य प्रकार निरुपद्रवी आहेत. ओ१५७:एच७ हा प्रकार मात्र शिगा विष निर्माण करतो. १९८२ मध्ये अमेरिकेत अर्धकच्च्या खिम्याच्या हॅम्बर्गरमुळे उद्‌भवलेल्या साथींवरून त्याचे रोगकारकत्व प्रथम लक्षात आले. तेथेच १९९३ मधील साथीत ७०० हून अधिक लोक आजारी पडले व चार मुले दगावली.

या विषाला आवश्यक असे ग्राही गुरांच्या आतड्यातील रक्तवाहिन्यांत नसतात. त्यामुळे जंतुवाहक जनावर चारा खाते, दूध देते, औतालाही चालते. कंधारकडील लाल कंधारी असो वा उदगीर परिसरातील देवणी, नुसते पाहून ते ओळखता येत नाही. म्हशीही याला अपवाद नाहीत. कत्तलीच्या वेळी कातडीवरील शेण किंवा फुटलेल्या आतड्यातील मळ मांसाला लागतो. अखंड तुकड्यात जंतू पृष्ठभागावरच राहतात व आच लागताच मरतात. खिमा करताना मात्र ते आतपर्यंत मिसळतात आणि एका जनावराचा दोष सबंध ढिगाला लागतो. शंभराहून कमी जंतूही रोगास पुरतात. थंडीने त्यांची वाढ थांबते, नाश होत नाही. खिमा आतपर्यंत ७१° से. तापणे आवश्यक असते. नुसता रंग पालटणे ही शिजल्याची खूण नव्हे.

महाराष्ट्रात गाय, बैल व वळू यांची कत्तल मार्च २०१५ पासून पूर्णतः निषिद्ध असल्याने प्रश्न उरतो तो म्हैसवर्गीय जनावरांच्या मांसाचा. नांदेड-लातूरकडे मांस रटरटून शिजविण्याची रीत असल्याने कालवणातील धोका अल्प असतो. उन्हात वाळविलेल्या चान्यांत मात्र नुसत्या वाळण्याने जंतू मरतीलच असे नाही. त्या अर्धवट भाजून खाऊ नयेत. मांसाच्याच सुरीने चिरलेला कांदा, न तापविलेले दूध, ओले शेणखत घातलेल्या वाफ्यातील कोथिंबीर आणि गोठ्यालगतची विहीर हे मार्ग अधिक दुर्लक्षित आहेत. मांस न खाणारे घरही त्यांतून सुटत नाही.

साधारणतः तीन-चार दिवसांनी पोटात तीव्र कळा येऊन रक्तमिश्रित जुलाब होतात. ताप बहुधा नसतो. पाच वर्षांखालील मुलांत पुढे मूत्रपिंडे निकामी होण्याचा संभव असतो. आमांश समजून घरात उरलेल्या गोळ्या देण्याची सवय येथे विशेष अपायकारक आहे. काही प्रतिजैव औषधांनी जंतूंतील विष अधिक प्रमाणात बाहेर पडते व जुलाब थांबविणाऱ्या औषधांनी ते आतड्यात साठून राहते. लघवी कमी होणे व चेहरा फिका पडणे ही लक्षणे दिसताच मुलाला डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावे लागते.