दारू एकदम बंद केल्यावर

वर्षानुवर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एका दिवसात बंद केली, तर पुढचे चार-पाच दिवस त्याच्या जिवाला धोका असतो. श्रावण लागला, माळ घातली, घरच्यांनी खोलीत कोंडले किंवा पाय मोडून रुग्णालयात पडून राहावे लागले, कारण कोणतेही असो. मेंदूला सवयीची झालेली दारू अचानक मिळेनाशी होते.

मेंदूच्या पेशींना शांत करणारे ‘गॅबा’ आणि चेतवणारे ‘ग्लुटामेट’ ही दोन रसायने एरवी एकमेकांना तोलून धरतात. दारू गॅबाचे काम वाढवते आणि ग्लुटामेटचे दाबते, म्हणून प्यायल्यावर सैल वाटते. हे रोजचेच झाले की मेंदू उलटी तजवीज करतो: गॅबाला कमी दाद देतो, ग्लुटामेटला जास्त. मग नुसते नेहमीसारखे वागता यावे यासाठीही दारू लागते. सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरतात आणि दोन घोट दारू पोटात गेली की स्थिरावतात, ही त्याची ठळक खूण. घरात याला नाटक म्हणतात, ते चूक आहे.

दारू थांबली की चेतवणाऱ्या रसायनाला आवर घालणारे काही उरत नाही. साधारण सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना वात होतो. वैद्यकात त्याला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. रुग्णाला ताप येतो, दिवस-रात्र कळत नाही, भिंतीवर किडे, साप दिसतात, तो अंगावरचे नसलेले किडे झटकत राहतो. बाहेरची बाधा समजून त्याला देवऋषाकडे नेण्यात मोलाचे तास जातात. उपचार न मिळाल्यास यात मृत्यू येऊ शकतो.

ही लक्षणे दारू थांबल्यामुळेच येतात का, यावर डॉक्टरांत बराच काळ मतभेद होते. १९५५ साली अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे हॅरिस इझबेल यांनी काही जणांना पोटभर आहारासह अनेक आठवडे दारू देऊन ती एकदम बंद केली. दीर्घकाळ प्यालेल्यांत फिट आणि वातही दिसला, तेव्हा कुपोषणाकडे बोट दाखवणे थांबले. आज कोणतीही नीतिसमिती असा प्रयोग मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे.

उपचार हाताशी आहेत. डायझेपाम, लोराझेपाम यांसारखी औषधे गॅबाचे काम तात्पुरते सावरतात. डॉक्टर ती काही दिवसांत कमी करत नेतात. ती घरी मनाने घेऊ नयेत, दारूबरोबर तर मुळीच नाही. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, अत्यावश्यक असते. मद्यपींच्या शरीरात त्याचा तुटवडा असतो. ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावले, तर मेंदूला इजा होऊन स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

दर श्रावणात सोडून पुन्हा धरणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. अशा प्रत्येक फेरीगणिक पुढची लक्षणे तीव्र होत जातात. पूर्वी सोडताना फिट आली असेल किंवा भास झाले असतील, तर पुढच्या वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडावी. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे काम करत आहे. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. फिट आली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर फोनवर वेळ न घालवता त्याला थेट रुग्णालयात न्यावे आणि शेवटची दारू कधी घेतली, ते डॉक्टरांना सांगावे.