दोन मिनिटांची धाव: जीवरक्षकांसाठी विजेवरची जेटस्की

विजेवर चालणारी जेटस्की म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ पर्यटकांना फेऱ्या मारायच्या असतील तर तो रास्तच आहे. पण जीवरक्षकाचं वाहन दिवसभर किनाऱ्यावर उभं असतं आणि मग अचानक दोन मिनिटं जीव खाऊन धावतं. प्रश्न तिथून विचारायला हवा.

जरा गणित मांडू. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण 12 किलोवॅट-तास ऊर्जा असते. एक किलो लिथियम बॅटरीत जेमतेम पाव. पेट्रोल इंजिन आपली सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णतेत घालवतं, मोटर फार थोडी घालवते. तरीही पेट्रोल दहापटीहून पुढंच राहतं. लांबच्या सफरीत बॅटरी हरते, हे आम्ही मान्यच करतो.

आता समजा, माणूस किनाऱ्यापासून 300 मीटरवर बुडतोय. ताशी 36 किलोमीटर वेगानं तिथं पोचायला 30 सेकंद लागतात. सगळं मिळून मोटर दोन मिनिटं 60 किलोवॅटनं चालली, तरी खर्च होतो 2 किलोवॅट-तास. म्हणजे 20 किलोवॅट-तासाच्या बॅटरीचा दहावा हिस्सा! शिवाय मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते, आणि आवाज कमी असल्यानं जीवरक्षकाला पाण्यातल्या माणसाशी बोलता येतं. (बुडणारा माणूस बहुधा ओरडू शकत नाही, हे सिनेमावाल्यांना कुणीतरी सांगायला हवं.)

खरी अडचण धावण्यात नाही, थांबण्यात आहे. शंभर टक्के चार्ज केलेली बॅटरी रोज उन्हात तापत राहिली तर लवकर म्हातारी होते. म्हणून ती 80 टक्क्यांवर, सावलीत ठेवायची. वरच्या हिशेबानं तेवढं पुरतं. खारं पाणी प्लगच्या पिना खातं, तेव्हा चार्जिंगची जागा कोरडी हवी. गुडघाभर पाण्यात जेटपंप वाळू ओढतो, ही तक्रार पेट्रोलवाल्या जेटस्कीचीही आहे. पण उघडा पंखा लावता येत नाही, कारण आजूबाजूला माणसांचे हातपाय असतात.

मग माणूस न पाठवता नुसतं यंत्रच पाठवलं तर? अमेरिकेत बनलेली ‘एमिली’ अशीच आहे: सुमारे चार फूट लांब, 11 किलोच्या आसपास वजनाची, बॅटरीवर चालणारी, किनाऱ्यावरून रिमोटनं हाकायची. 2016 साली ग्रीसच्या लेस्बोस बेटापाशी निर्वासितांच्या बचावासाठी ती नेली होती. तिच्या कडेच्या दोऱ्या धरून चार-पाच जण तरंगू शकतात. लाटांतून ती माणसाआधी पोचते, यात शंका नाही. पण दोरी धरायला शुद्ध लागते. बेशुद्ध माणसाला किंवा लहान मुलाला ती उचलून घेऊ शकत नाही. तिथं जीवरक्षकालाच जावं लागतं, आणि मागं बांधलेल्या तराफ्यावर त्याला ओढून घ्यावं लागतं. आमचं 60 किलोवॅटचं गणित त्या फेरीसाठी होतं.