पडद्यावरची भूमिती : लेखांक 7 – मागे राहिलेला ठिपका

पडद्याचा आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात धरतात आणि म्हणून उभा अंक खाली उतरताना वाढत जातो, हे मागील लेखांकात पाहिले. आज त्या पडद्यावर एक तिरपी रेषा ओढावयाची आहे. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमानुसार ठाणे-डोंबिवलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून वर्षानुवर्षे शिकविल्या गेलेल्या ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स’ या विषयाचा खरा उंबरठा ही रेषाच होय, अशी माझी धारणा आहे.

आयबीएममधील जॅक ब्रेसनहॅम यांनी 1962 साली रेखाटनयंत्रासाठी जी रीत शोधली, तिच्यात भागाकार नाही, अपूर्णांक नाही. आहे तो केवळ जमाखर्च. (0,0) पासून (8,3) पर्यंतची रेषा घ्या. तीनाची दुप्पट सहा, तीतून आठ वजा जाता आरंभीची शिल्लक उणे दोन. शिल्लक उणे असेल तर त्याच ओळीत एक घर पुढे सरकावे आणि सहा जमा करावेत. ती शून्य किंवा अधिक असेल तर पुढे सरकताना एक ओळ खालीही उतरावे आणि सहा जमा करून सोळा वजा करावेत.

डोंबिवलीची एक विद्यार्थिनी माझ्याकडे अशी तक्रार घेऊन आली, की तिने ओढलेली हीच रेषा काळ्या रंगाने पुन्हा ओढून पुसली, तरी मध्यभागी एक पांढरा ठिपका राहतोच. रेषा तिने डावीकडून ओढली होती, पुसली मात्र उजवीकडून. यंत्रापुढे बसून या दोषाचा उलगडा होईना, तेव्हा आम्ही चौकटींची वही उघडली आणि एकेक घर भरीत गेलो: शिल्लक उणे दोन, चार, उणे सहा, आणि चौथे घर भरण्याच्या वेळी नेमके शून्य! खरी रेषा तेथे दीडाच्या उंचीवरून, म्हणजे दोन ओळींच्या बरोबर मधून जाते. नियमाप्रमाणे डावीकडून येणारा (4,2) हे घर घेतो, उजवीकडून येणारा त्याच नियमाने (4,1). दोघांचाही हिशेब बिनचूक, आणि तरीही (4,2) पुसावयाचे राहून जाते.

उपाय सोपा आहे: टोके कोणत्याही क्रमाने दिली असली, तरी आरंभ नेहमी डाव्या टोकापासून करावा. संगणकातील तयार आज्ञा वापरून रेषा क्षणात उमटते हे खरे, परंतु ज्याने ही आठ घरे एकदा हाताने भरली नाहीत, त्याला असल्या ठिपक्याचा दोष कोणाच्या माथी मारावा हे कळणार नाही. म्हणून पहिला महिनाभर तरी विद्यार्थ्याने वही सोडू नये, असा माझा आग्रह आहे.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी पुन्हा आली, ती लोकलमध्ये उभ्याउभ्या भरलेले एक पान घेऊन. आठाऐवजी सात घरांची रेषा घेतली तर ठिपका मागे राहत नाही, हे तिने ताडले होते, आणि कारणही स्वतःच लिहिले होते: आरंभीची शिल्लक विषम, पुढची प्रत्येक जमा आणि वजावट सम, मग शून्य येणार कोठून?