फिरतें घर आणि शहरांतील मुक्काम



प्रवासाला निघणें म्हणजे घर मागें ठेवून जाणें, अशी आपली समजूत असते. परंतु घरच बरोबर घेऊन निघण्याची रीत आपल्या देशाला नवी नाहीं. आगगाडी येण्यापूर्वीं लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून दूरदूरचे मुलूख गांठीत. बायकामुलें, चूल, भांडींकुंडीं सारीं त्यांच्या बरोबरच असत. फारशींतील ‘कारवान’ हा शब्द अशाच तांड्याचा वाचक आहे. तो युरोपांत जाऊन ‘कॅराव्हॅन’ या रूपानें आपल्याकडे परत आला, आणि बैलांची जागा डिझेलच्या इंजिनानें घेतली, एवढेंच. आजची कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचें एक लहानसें घर होय. त्यांत चारसहा माणसांच्या निजण्याची सोय, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टांकी, दिव्यांसाठीं बॅटरी व बहुधा एक छोटें शौचालय असतें. महाराष्ट्र शासनानें २०२१ मध्यें कॅराव्हॅन पर्यटनाचें स्वतंत्र धोरण स्वीकारलें, आणि अशीं वाहनें भाड्यानें घेऊन सहलीस निघणारीं कुटुंबें आतां अधूनमधून दृष्टीस पडतात.

मोकळ्या माळावर किंवा समुद्रकांठीं हें घर मोठ्या सुखाचें वाटतें. शहर जवळ आलें कीं मात्र तेंच गळ्यांतलें लोढणें होतें. जुन्या पेठांतील गल्ल्या अरुंद. तेथें एवढें धूड वळवावयाचें कसें आणि उभें करावयाचें कोठें? मग कंटाळून कुटुंबप्रमुख म्हणतो, “एक रात्र हॉटेलांतच काढूं.” आणि येथेंच सहलीचा हिशेब फिसकटतो. वाहनाचें भाडें त्या दिवसापुरतें थांबत नाहीं. वाहनांतील बिछाने रिकामे ठेवून हॉटेलांतील बिछान्यांचे पैसे मोजणें म्हणजे एकाच रात्रीचें छप्पर दोनदां विकत घेणें होय.

हा प्रश्न सोडवावयाचा कसा, हें पुण्याला कोणी परक्यानें शिकविण्याची गरज नाहीं. दर वर्षीं आषाढी वारीच्या वेळीं ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेंत आणि तुकाराम महाराजांची पालखी नाना पेठेंत मुक्कामास येते. दिंडीबरोबर तिचा ट्रक असतो. त्यांत तंबू, शिधा व मोठालीं भांडीं असतात. वारकरी आपला वांटा आधींच दिंडींत जमा करतो. त्याला भिशी म्हणतात. पुढें वाटेंत जेवणाखाण्याचा विचार त्याला रोज नव्यानें करावा लागत नाहीं. सामानानें एका जागीं तळ द्यावा, माणसांनीं पायीं हिंडावें, आणि खर्चाची मर्यादा निघण्यापूर्वींच ठरवावी, हे तीन नियम आपल्या फिरत्या घरालाही तंतोतंत लागू पडतात.

आतां प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. मुंबईहून निघून, वाटेंत एक दिवस पुणें पाहून, ताम्हिणी घाटानें कोंकणांत उतरावयाचें, असा बेत एका सहा माणसांच्या कुटुंबानें केला आहे असें समजा. अशा कुटुंबानें तळ द्यावा तो सूस येथें. पाषाणच्या पलीकडे, खिंडीला लागून, मुळशी तालुक्यांतील हें गांव आहे. मुंबई-बंगळूरु महामार्गाचा पुण्याबाहेरून जाणारा रस्ता त्याच्या जवळूनच जातो. त्यामुळें मुंबईहून आलेल्या वाहनाला शहरांत शिरण्याचें कारणच पडत नाहीं. २०२१ मध्यें इतर २२ गांवांबरोबर सूस पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें, आणि शेतांच्या शेजारीं उंच इमारती उभ्या राहिल्या. म्हणून ‘गांव आहे, कोठेंही उभें राहूं’ असें समजूं नये. ओळखीच्या गृहस्थाचें आवार किंवा एखाद्या शेतकऱ्याची मोकळी जागा आधीं विचारून, भाडें ठरवून घ्यावी. महामार्गाच्या कडेला रात्र काढणें हें धोक्याचें आहे. त्याला काटकसर म्हणतां येणार नाहीं.

सकाळीं न्याहारी उरकून, दशम्या व पाण्याच्या बाटल्या बरोबर घेऊन, बसनें किंवा रिक्षानें कोथरूडमधील वनाज हें मेट्रोचें स्थानक गांठावें. तेथून मेट्रोनें महानगरपालिकेच्या स्थानकावर उतरलें कीं पुढचें पुणें पायांनीं पाहण्याजोगें आहे. जंगली महाराज रस्त्यावर आठव्या शतकांतील पाताळेश्वराचें लेणें आहे. एका खडकांतून कोरलेलें तें मंदिर आणि त्यापुढील गोल नंदिमंडप मुलांना अवश्य दाखवावा. त्यासाठीं कांहीं मूल्य पडत नाहीं. नदी ओलांडून गेलें कीं शनिवारवाडा येतो. थोरल्या बाजीरावांनीं १७३० मध्यें त्याचा पाया घातला आणि १८२८ च्या आगींत आंतील वाडे जळून गेले; तट व दिल्ली दरवाजा मात्र आजही उभा आहे. तेथून कसबा गणपतीचें दर्शन घेऊन महात्मा फुले मंडईकडे चालत जावें. या अष्टकोनी मंडईंतच संध्याकाळची भाजी घ्यावी. सप्टेंबर २०२४ पासून मंडईलाही मेट्रोचें स्थानक झालें आहे. जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर गाडी बदलली कीं पुन्हां वनाज.

या दिवसाचा खर्च ढोबळ मानानें मांडून पाहूं. पुढील आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. भाव ठिकाणानुसार व हंगामानुसार बदलतील. सहा माणसांसाठीं हॉटेलच्या दोन खोल्या प्रत्येकी २,००० रुपयांप्रमाणें ४,००० रुपये, आणि दोन वेळचें जेवण माणशीं २०० रुपयांप्रमाणें २,४०० रुपये. एकूण ६,४०० रुपये झाले. उलट, सूस येथील जागेचें भाडें ५०० रुपये, बस, रिक्षा व मेट्रो मिळून ९०० रुपये, शिधा व भाजी ६०० रुपये आणि दुपारच्या चहाफराळाला ४०० रुपये धरले, तर २,४०० रुपये होतात. म्हणजे एका मुक्कामांत ४,००० रुपये वांचले. ही रक्कम निघण्यापूर्वींच निराळ्या पाकिटांत घालून ठेवावी. पाकीट संपलें कीं त्या दिवसाचा खर्च संपला. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. माणसें दोनच असतील, तर वाहनाचें भाडें व डिझेल धरून हा सारा खटाटोप बहुधा महाग पडतो; त्यांनीं आगगाडी व साधी खोली पत्करावी. फिरतें घर परवडतें तें भरल्या कुटुंबाला.

परंतु वांचलेले हे ४,००० रुपये खरोखर वांचले, कीं दुसऱ्या कोणाच्या माथीं गेले, हेंही पाहिलें पाहिजे. घरची गृहिणी पहांटे पांचाला उठून तीस दशम्या लाटीत बसली, दिवसभर सर्वांबरोबर पायपीट करून रात्रीं पुन्हां ओट्यापाशीं उभी राहिली, तर हॉटेलच्या पैशांची भरपाई तिच्या श्रमांतून झाली असें म्हणावें लागेल. तिची सहल झालीच नाहीं. दिंडींत कामें वांटलेलीं असतात, तशींच तीं येथेंही वांटावीं. मुक्कामाच्या रात्रीं पिठलें-भात पुरुषांनीं करावा, मुलांनीं भांडीं विसळावीं, आणि आजीसह घरांतील बायकांनीं खुर्ची टाकून बाहेर बसावें. हें ज्यांना जमणार नाहीं त्यांनीं एक वेळचें जेवण खुशाल खानावळींत घ्यावें. तो खर्च योग्यच होय.

दुसरा विचार यजमान गांवाचा. शंभर लिटरची टांकी सहा माणसांना, माणशीं पंधरा लिटर धरले, तर जेमतेम एक दिवस पुरते. सूस परिसरांतील पुष्कळ वसाहतींना टँकरचें पाणी विकत घ्यावें लागतें. अशा ठिकाणीं ‘जरा नळी लावूं का?’ असें सहज विचारणें म्हणजे दुसऱ्याच्या विकतच्या पाण्यावर आपली काटकसर करणें होय. पाणी घेतलें तर त्याचे पैसे द्यावेत. भांड्यांचें खरकटें पाणी जागेच्या मालकाला विचारून सांडावें, आणि शौचालयाची टांकी ओढ्यांत किंवा शेतांत कदापि रिकामी करूं नये. सांडपाण्याची योग्य सोय असेल तेथेंच ती रिकामी करावी.

तिसरी सूचना जिवाची आहे. निजण्यापूर्वीं गॅसची शेगडी व सिलिंडर दोन्ही बंद करावींत. थंडी वाजते म्हणून आंत शेगडी पेटवून, किंवा इंजिन चालूं ठेवून, कधींही झोपूं नये. अशा वेळीं कार्बन मोनॉक्साइड हा वायु सांठतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. झोपलेल्या माणसाला तो जागें होण्याची संधीही देत नाहीं. हवा खेळण्याचे झरोके रात्रभर उघडे असावेत.

दुसऱ्या दिवशीं उजाडतांच निघून, चांदणी चौकावरून पिरंगुट, पौड असें मुळशीच्या जलाशयापाशीं यावें. मुंबईच्या मुलांना येथें थोडा वेळ थांबवून सांगावें, कीं मुंबईला वीज मिळावी म्हणून टाटांनीं बांधलेल्या या धरणाखालीं मावळांतील गांवें व भाताचीं खाचरें बुडालीं, आणि त्याविरुद्ध १९२१ मध्यें जो सत्याग्रह सुरू झाला त्यांत सेनापति बापट पुढें होते. पुढें ताम्हिणी घाट उतरून माणगांव येतें. पावसाळ्यांत या घाटांत दरडी कोसळतात. तेव्हां रस्ता खुला असल्याची खात्री करूनच निघावें.

आणि सूसहून निघतांना एक काम विसरूं नये. वाहन हलविल्यावर कुटुंबांतील एकानें खालीं उतरून, जेथें तळ होता ती जागा पाहून यावी. कागद, सालीं, सांडलेलें तेल असेल तें उचलावें, आणि जागेच्या मालकाला सांगून मगच गाडींत बसावें. पुढच्या वर्षीं दुसरें एखादें कुटुंब त्याच दारांत येऊन जागा विचारील, तेव्हां त्याला होकार मिळावा, हें आपल्याच हातीं आहे.