गाडीवाटचा ‘का’ आणि जपानचा ‘का’

‘शाळेला जाता का?’ हे जपानीत विचारायचं तर ‘गाक्को नि इकिमासु का?’ गाक्को म्हणजे शाळा, ‘नि’ म्हणजे आपला ‘ला’, इकिमासु म्हणजे जाता. आणि शेवटचा ‘का’? तो ‘का’च! उच्चार तोच, जागा तीच, कामही तेच. हा निव्वळ योगायोग, पण इंग्रजीच्या ‘डू’ आणि ‘डज’मध्ये अडकणाऱ्या पोराला केवढा दिलासा!

हा दिलासा मिळाला गाडीवाटच्या पोरांना. छत्रपती संभाजीनगरपासून २५ किलोमीटरवरचं हे खेडं. धड रस्ता नव्हता, पण इंटरनेट पोचलं होतं. इथल्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा साडेतीनशेवर मुलं होती. सप्टेंबर २०१९ मध्ये शाळेनं चौथी ते आठवीच्या मुलांनाच विचारलं, परदेशी भाषा कोणती शिकायची? बहुतेकांनी सांगितलं, जपानी. कारण? रोबोट! आधी मुलांना विचारावंसं वाटलं, याचंच मला फार अप्रूप आहे.

पाठ्यपुस्तक नाही, शिकवणारं कुणी नाही. शिक्षकांनी व्हिडिओ आणि भाषांतराची अ‍ॅप धुंडाळून सुरुवात केली. हे कळल्यावर शहरातल्या एका भाषातज्ज्ञांनी २०२० मध्ये ऑनलाइन तास घ्यायला सुरुवात केली, तेही विनामूल्य. शिकणारी मुलं ७०च्या आसपास, पण स्मार्टफोन सगळ्यांच्या घरी कुठून असणार? मग आले ‘विषयमित्र’. ज्याच्या घरी फोन त्यानं तासाला बसायचं आणि शिकलेलं बाकीच्यांना सांगायचं. टाळेबंदीत शाळेला कुलूप होतं, पण तास असा पोरापोरांतून गावभर पोचत होता.

आता बाराखडीची गंमत. जपानी मुलं घोकतात अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचं वाटतं ना? वाटणारच! बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतची वर्णमाला चीनमार्गे जपानला गेली आणि तिथली अक्षरं तिच्या क्रमानं बसली. मग ‘न’ आणि ‘म’च्या मध्ये ‘ह’ कसा? तिथं पूर्वी ‘प’ होता. शतकांच्या ओघात उच्चार बदलला, जागा मात्र तीच राहिली. आपला प-वर्ग तिथं अजून आपली जागा धरून बसलाय.

जपानही या जिल्ह्याला परका नाही. तिथले पर्यटक अजिंठ्याची लेणी बघायला येतात, आणि अजिंठा-वेरूळच्या जतन-विकास प्रकल्पाला जपाननंच कर्ज दिलं.

आणखी एक. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात पंचवीसला ‘वीस पाच’ असंही म्हणायची सोय आली आणि राज्यभर वाद पेटला. तीनच महिन्यांनी गाडीवाटनं जी भाषा निवडली, तिच्यात मोजणी अशीच चालते. इथं नि म्हणजे ‘ला’ नव्हे, दोन; जू म्हणजे दहा, गो म्हणजे पाच. पहिले दहा आकडे आले की नव्व्याण्णवपर्यंत वाट मोकळी. एकोणतीस-एकोणचाळीसचा घोळच नाही. तेव्हा शहरापासून गाडीवाट किती लांब? नि-जू-गो किलोमीटर.